धार द्यायची राहिली

मामा गेल्याचा निरोप मला वर्गात मिळाला. मी शिकवते त्या चौथीच्या मुली पाढे म्हणत होत्या आणि शिपाई दारात उभा राहून माझ्याकडे नुसता बघत होता. पाढा संपेपर्यंत तो थांबला, एवढी माणुसकी त्याने दाखवली. जोगेश्वरीहून निघून बोरिवलीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. स्टेशनपासून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याने मामाच्या वाडीशी आले, तर आतून रडण्याऐवजी भांडण ऐकू आलं. अंगणात मामाला निजवलेलं. उशाशी मामी, भोवती बायका, आणि शेजारचे पुरुष एका माडाच्या बुंध्याशी उभे राहून वर तोंड करून ओरडत होते. वर वसू होता, मामाचा एकुलता एक मुलगा. बाप अंगणात आणि हा माडावर. "अरे, लाज आहे का तुला? उतर खाली, तिरडी बांधायचीय," कुणीतरी म्हणालं. वरून एक पातळ चकती तेवढी गिरक्या घेत खाली आली आणि ओरडणाऱ्याच्या टोपीवर पडली. मामीने पदराने डोळे पुसले आणि मामाकडे बोट करून शांतपणे म्हणाली, "करूंदे तेका. नायतर हो उठान बसात." मला हसू आलं. मामा मेला आहे हे मला त्या हसण्यानंतर कळलं, आणि मग मात्र मी तिथेच मातीत बसले.

ज्यांना माड फक्त नारळापुरता ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. मामा मालवणकडचा भंडारी. तरुणपणी तिकडून आला आणि बोरिवलीच्या या वाडीत खंडाने घेतलेल्या माडांची माडी काढू लागला. माडाच्या फुलोऱ्याचा न उमललेला लांब कोंब असतो, त्याला पोय म्हणतात. ती घट्ट बांधायची, काही दिवस हलक्या हाताने ठोकत राहायची, आणि मग तिचं टोक रोज सकाळी आणि संध्याकाळी आऊत नावाच्या बाकदार पात्याने कापायचं. कापायचं म्हणजे चकती कागदासारखी पातळ निघाली पाहिजे. जाड निघाली तर पोय लवकर संपते, आणि एक वेळ जरी चुकली तरी कापलेलं तोंड सुकून मिटायला लागतं. तीन-चार दिवस चुकले तर खालचं मडकं कोरडं ते कोरडंच. दारूबंदी आली तेव्हा असे कितीतरी लोक आऊत खुंटीला टांगून गिरणीत, गोदीत गेले. मामाने नीरेचा परवाना काढला, रस आंबू नये म्हणून मडक्यांना आतून चुना फासला आणि माड सोडले नाहीत. दारूबंदी बरी की वाईट यावर त्याला मत नव्हतं. माडाला आऊत लागला पाहिजे, एवढंच त्याचं मत होतं.

मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. मी तसं लिहिलं तर मामी पहिली उठून मला खोटारडी म्हणेल. मामा मारकुटा होता. त्याच्या बापाने त्याला मारून शिकवलं, आणि शिकवणं म्हणजे मारणं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. चकती जाड निघाली की आऊताची बोथट पाठ बोटांच्या पेरांवर बसायची. मामाची स्वतःची पेरं जुन्या वळांनी गाठाळली होती आणि ती तो कौतुकाने दाखवायचा. वसूला तेरावं लागलं तेव्हा तो माडावर चढू लागला आणि त्याच दिवसापासून त्याची पेरंही सुजू लागली. मी सुट्टीत जायची तेव्हा जेवताना वसू डाव्या हाताने घास घेई, आणि मामी आमटी जास्त पातळ करी, म्हणजे भात नीट कालवता यावा. कुणी काही बोलत नसे. आई एकदा भावाला म्हणाली, "अरे, पोराचे हात मोडशील." तर मामा म्हणाला, "हात मोडले तर बरे होतत. माड मेलो तर खंयचो येतलो?" आईने त्या दिवशी त्याच्या घरचं पाणीही घेतलं नाही.

वसूने हे काही वर्षं सोसलं. एका सकाळी मात्र मामाचा आऊत पेरांवर उतरण्याआधी वसूने त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने कमरेची दोरी ओढली आणि बापाला माडाच्या बुंध्यावर आपटलं. मग त्याच दोरीने त्याला झोडपलं. मामी सांगायची, मामा ओरडला नाही, त्याने हातही वर केला नाही, नुसता बघत राहिला. दोरी टाकून वसू जो गेला तो विक्रोळीला. तिथे एका कारखान्यात लागला, चाळीत खोली घेतली आणि बोरिवलीच्या नावाने पाणी सोडलं. मामा पुढे कुणाला शिकवायच्या भानगडीत पडला नाही. माझ्या आईपाशी एकदाच म्हणाला, "तेका सगळा येय होता. धार तेवढी रवली."

धारेचं मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मामाच्या घराण्यात एक रीत होती. चढणं, बांधणं, ठोकणं, कापणं हे सगळं आधी शिकवायचं आणि आऊताला धार लावणं सगळ्यात शेवटी. ज्याला धार दिली तो सुटा झाला. त्याला स्वतःचा आऊत मिळायचा आणि तो कुठल्याही वाडीत जाऊन स्वतःचे माड घेऊ शकायचा. तोवर तो गुरूच्या धारेवर जगायचा. बोथट आऊताने पोय कापली जात नाही, चेचली जाते, आणि चेचलेली पोय काळी पडते. त्यामुळे धार ज्याच्या हातात, माड त्याच्या हातात. वसूला ही धार मिळायच्या आतच बापलेकांचं फाटलं होतं.

आता ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याचं नाव मी बदलते. गालावरची खूण मला बदलता येणार नाही, ती त्याने जन्मभर बाळगावी. त्याला काशा म्हणू. खाडीच्या खाजणात काशाची हातभट्टी चालायची. त्याला मामाची ताजी माडी हवी होती, चुना न लावलेल्या मडक्यातली. मामाने परवान्याचं कारण सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण मामाला परवान्याची पर्वा नव्हती. त्याला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. काशाने म्हटलं, "एका माडाच्या सगळ्या पोयी एकदम काप ना. मरेना का माड, आपलं काय जातंय?" मामा तेव्हा नुकताच खाली उतरला होता, आऊत कमरेला होता.  त्याने आऊत काढला आणि काशाच्या गालावर कानापासून ओठापर्यंत ओढला. मामी म्हणते, चकती निघावी तशी कातडी सुटली आणि क्षणभर रक्तच आलं नाही. मग आलं. मग मामा म्हणाला, "ह्या माडाच्या वतीन."

हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही आणि मी कौतुकाने सांगत नाही. माणसाचा गाल फाडणं म्हणजे गुन्हाच. पण मला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं, हेही खरं.

काशा आठवड्याने आला, भर दुपारी, गालाला पट्टी बांधून आणि माणसं घेऊन. मामीला त्यांनी घरात कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. मामाला ओसरीवर पालथं पाडलं, दोघे पाठीवर बसले, एकाने उजवा हात ओढून जात्यावर ठेवला, आणि काशाने पहारीने त्याचं मनगट चेचलं. एकदा मारून तो थांबला नाही. मामी आतून दारावर डोकं आपटत होती आणि तिला ते घाव मोजल्यासारखे ऐकू येत होते. जाताना त्यांनी जवळच्या माडांवर चढून पोयी मुळापासून उडवल्या. मामा नंतर म्हणाला की हाताचं त्याला फारसं आठवत नाही, पण वरून पोयी पडताना ऐकल्या त्या आठवतात... पोलिसांकडे जायचा प्रश्न नव्हता. पहिला वार मामाचा होता आणि तो गाल सगळ्या बोरिवलीने पाहिला होता.

खबर लागून मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा हाडवैद्याने पाला आणि पट्ट्या बांधून हात गळ्यात अडकवला होता. बोटं वांग्यासारखी काळीनिळी झाली होती. मामा खाटेवर बसून माडांकडे बघत होता आणि दोन दिवस एकही माड कापला गेला नव्हता. तेवढ्यात फाटकातून वसू आत आला. इतक्या वर्षांनी आला होता आणि हातात कारखान्यातली लोखंडी सळई होती. डोळे असे झाले होते की मी दोन पावलं मागे सरले. त्याने बापाचा हात पाहिला. बापाला नमस्कार नाही, विचारपूस नाही, एवढंच म्हणाला, "कोण कोण होते, नावं सांगा."

मामा म्हणाला, "आदी वर चड. पोयी सुकतत."

"बाबा, नावं सांगा."

"नावां खंय पळत नाय. पोयी सुकतत. चड, मगे कोणाक मारूचा हा तेका मार."

वसूने सळई माडाला टेकवली, बापाचा आऊत घेतला आणि चढला. रडत चढला, मोठ्याने, शिव्या देत. उरलेले सगळे माड कापून तो उतरला तेव्हा ऊन गेलं होतं आणि पाय थरथरत होते. मामाने खाली पडलेली चकती डाव्या हाताने उचलली, डोळ्यांशी धरली आणि म्हणाला, "जाड. रगात काढलंस तेचा." वसूने सळईकडे पाहिलं. मला वाटलं आता सळई उचलतो, पण बापाला मारायला. त्याने उचलली नाही, कारण भूक लागली होती. मामीने वाढलं, तो जेवला आणि तिथेच आडवा झाला. सकाळी मामाने पायाने ढोसून उठवलं, माडाची वेळ झाली होती.

त्यानंतर जे झालं ते ठरवून झालं की आपोआप, हे मला अजून सांगता येत नाही. काशाला मारायचं वसूने सोडलं नव्हतं. रोज म्हणायचा, आज जातो. पण सकाळचे माड उरकून मडकी उतरवून नीरा केंद्रावर पोचवून परत येईतो दुपार व्हायची, आणि दुपार कलली की पुन्हा चढायची वेळ. कारखाना सुटला तो सुटलाच. एकदा मात्र तो खरंच गेला. सकाळचे माड झाल्यावर आऊत कमरेला लावून खाजणात शिरला आणि भट्टीच्या बाजूला तिवरांत दबा धरून बसला. काशा होता, पण एकटा येईना. कोणी ना कोणी सोबत. "ताई, बसून राहिलो ना," त्याने मला नंतर सांगितलं. "मच्छर फोडून खात होते. मग ऊन उतरायला लागलं. म्हटलं, आता नाही गेलो तर सगळ्या पोयी मिटायला लागतील, वाट लागेल. उद्या येऊ. अजून दहा मिनिटं थांबलो असतो तर साला एकटा माझ्या समोरून गेला असता." मी विचारलं, "मग उद्या गेलास?" तो म्हणाला, "उद्या पाटलांच्या वाडीतले माड बांधायला घेतले ना बाबांनी."

मामा नवे माड घेत होता. एक हात मेलेला, स्वतःला चढता येत नाही, आणि हा माणूस शेजारच्या वाड्यांतले बंद पडलेले माड मागून घेत होता. वसूची चकती आता उन्हासमोर धरली तर पलीकडचं दिसावं इतकी पातळ निघायची, तरी मामा नाक मुरडायचा. मारता येत नसल्यामुळे त्याला बोलावं लागे, आणि बोलायची सवय नसल्यामुळे तो फार वाईट बोले. "तसा नाय, असा," एवढंच म्हणून डावा हात हवेत फिरवायचा. वसू वरून ओरडायचा, "असा म्हणजे कसा?" मामा लालबुंद व्हायचा, हाताला लागेल ते फेकायचा, एकदा तर पाण्याचा तांब्या फेकला. पण हळूहळू शब्द सापडायला लागले. "पोयीक कळता नये," असं एकदा म्हणाला. वसूने पातं टेकवलं, ओढलं, आणि चकती तरंगत खाली आली. मामाने काही फेकलं नाही. त्या दिवशी बापलेकांनी एकाच ताटलीतली भजी खाल्ली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

धार मात्र मामाने दिली नाही. रोज दुपारी वसू झोपला की मामा ओसरीवर धारेची फळी घेऊन बसे. सरळ, गुळगुळीत फळी, तिच्यावर गारेच्या दगडाची वस्त्रगाळ पूड पसरायची आणि पातं तिच्यावर ओढायचं. दोन हातांचं काम, आणि मामाचा उजवा हात निकामी. म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी फळी धरायला मी बसे, एरवी मामी. वसू जागा होऊन जवळ आला की मामा आऊत पाठीमागे घेई. वसूने हट्ट धरला, भांडला, दोन दिवस जेवला नाही. मामा म्हणाला, "तुजा हात अजून बसूक नाय." खोटं होतं ते. त्याचा हात मामापेक्षाही चांगला बसला होता.

एका रविवारी मी स्पष्ट विचारलं, "मामा, का छळतोस त्याला? सगळं येतं त्याला. तू उद्या मेलास तर हे माड कोण बघणार?" मामाने पातं फळीवर ओढलं, पुन्हा ओढलं. मग म्हणाला, "शालू, धार दिली की तो पुरो झालो. सुटो झालो. मगे तो खंय जातलो ता माका ठावक हा. आणि मगे तेका खंय नेतले तांय ठावक हा." त्याने गळ्यावरून बोट फिरवलं. मी फळी धरून बसले होते, हात तिथेच ठेवावे लागले... घराण्यात पिढ्यांपिढ्या चालत आलेली विद्या हा माणूस मुठीत दाबून बसला होता, कारण ती संपूर्ण दिली तर मुलगा फासावर जाईल असं त्याला वाटत होतं. आणि दिली नाही तर विद्या त्याच्याबरोबर सरणावर जाणार होती. मला त्याचा राग आला आणि तितकीच मायाही आली. त्याने पातं पुन्हा फळीवर टेकवलं. मात्र त्या दिवसापासून मी फळी धरली की तो मुद्दाम हळू ओढायला लागला. पातं कसं टेकवलं, किती तिरकं, कुठे उचललं, हे मला दिसावं असं. एकदा माझा अंगठा धरून पात्यावर ठेवला आणि म्हणाला, "हय बघ. हय धरता, हय सरता." मामीला त्याने असं कधी दाखवलं नव्हतं. मला कळलं की तो धार कुठेतरी ठेवतोय.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या छातीत कफ धरला तो सुटला नाही. शेवटच्या दिवसांत त्याला बोलताना धाप लागे. वसू त्याला उचलून अंगणात आणून ठेवायचा, माड दिसावेत म्हणून, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत चढायचा. बापाने एकदाही 'बरं' म्हटलं नाही. वसूनेही वाट पाहणं सोडलं होतं. बापाला उचलताना मात्र तो त्या चेचलेल्या मनगटाला धक्का लागणार नाही असा हात घालायचा.

काशा अजून आहे. खाजणातच आहे. मामाच्या दहाव्याच्या दिवशी तो फाटकापर्यंत येऊन गेला, असं मामी म्हणाली. काय म्हणून आला होता, कुणास ठाऊक. वसू तेव्हा वर होता. तो उतरेपर्यंत काशा निघून गेला होता.

मामाने शेवटची लावलेली धार जेमतेम तेराव्यापर्यंत पुरली, मग आऊत बोथट झाला. वसूने दगडावर घासून पाहिला, शेजारच्या लोहाराकडे नेला, न्हाव्याच्या चामड्यावरही ओढला. दोन पोयी चेचून काळ्या पडल्या. मी रविवारी गेले तर तो पायरीवर आऊत मांडीवर घेऊन बसला होता, बापाच्या मयताला रडला नाही तेवढा रडून झाला होता. म्हणाला, "ताई, आई म्हणते तुला येतं."

मी म्हटलं, "येतं."

"मग दे ना."

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याला विचारलं, काशाचं काय. तो फाटकाकडे बघत राहिला. "ते माझं मी बघतो," म्हणाला. मामाला नेमकी हीच भीती होती. पण काळ्या पडलेल्या पोयी मीही पाहिल्या होत्या, आणि विद्या अडवून धरायचा हक्क मामाला होता, मला नव्हता. मी फळी मागवली.

तीन रविवार लागले. मी मास्तरीण आहे, मला शब्द सापडतात. जिथे मामा लालबुंद होऊन तांब्या फेकायचा तिथे मी सांगू शकले की पातं ढकलायचं नाही, ओढायचं, आणि मनगट मोकळं ठेवून खांद्यातून ओढायचं. वसूला दोन हात आहेत, त्याला फळी धरायला कुणी लागत नाही, तरी मी धरून बसले होते. गेल्या रविवारी त्याने पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. ते सरकलं नाही, धरून राहिलं. त्याने एकदा टेकवून पाहिलं, पुन्हा टेकवलं, आणि मग मनगटावरचे केस त्याने फुंकर मारल्यासारखे काढले. मामाच्या हातची धार, तशीच्या तशी. त्याने मान वर केली आणि खाडीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"झालं ना ताई? आता सगळं आलं मला?"

आता शिकवायचं काहीही उरलेलं नाही. मामाला जेवढं येत होतं तेवढं सगळं त्याला येतं, आणि हे मी त्याला सांगायला हवं होतं. रीत तशी होती. धार दिली की सुटा करायचा.

मी म्हटलं, "नाही. पात्याच्या आतल्या बाजूचं राहिलंय. ते वेगळं असतं, मामाने मला शेवटी दाखवलं होतं. पुढच्या रविवारी बघू. आता ऊन उतरलंय, चढ."

त्याने आऊत उचलला. मग दोरी कमरेला बांधून चढला. पुढच्या रविवारी मी जाणार आहे, त्याच्या पुढच्याही. काहीतरी शोधून काढीन. हे पेपरात छापून येईल, पण वसू पेपर वाचत नाही, आणि ज्यांनी हे वाचलं त्यांनी कृपा करून त्याला काही सांगू नये.